छातीचा स्वच्छ फोटो

अप्पा, त्या रस्सीखेचीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आदल्याच आठवड्यात तुम्ही कंपनीत मशीनपाशी चक्कर येऊन पडला होतात. कंपनीच्या डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढला, क्षय नाही म्हणाले, आणि तुम्ही तो फोटो पिंपरीच्या आपल्या चाळीत दारोदार मिरवलात. “बघ, स्वच्छ आहे!” मी विचारलं, “मग चक्कर का आली?” तुम्ही हसलात. “कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी तुला नुसती जीभ चालवायला शिकवलंय.” कंपनीच्या वार्षिक खेळात दोराचं शेवटचं टोक तुम्हीच कमरेला गुंडाळलंत आणि दोर सुटायच्या आत मैदानातच गेलात. ‘फोटो तर चांगला होता’ असं सगळे सांत्वनाला येऊन सांगत होते.

पुढे माझा धाकटा भाऊ त्याच कंपनीत लागला आणि जिना चढताना तसाच कोसळला. पुण्यात तेव्हा हृदयाची सोनोग्राफी करणारं नवं मशीन नुकतंच आलं होतं. डॉक्टर त्याच्या छातीवर गार जेली लावून एक कांडी टेकवतात, मशीनमधून कागदाची पट्टी सरकत बाहेर येते, तिच्यावर लाटांसारख्या रेघा. “ही हृदयातली मधली भिंत. फार जाड झालीय. वडील कसे गेले?” मी सांगते, आणि सवयीनं पुढे म्हणते, “पण त्यांचा फोटो स्वच्छ होता.” डॉक्टर मान हलवतात. “त्या फोटोत ही भिंत दिसतच नाही, बाई. हे वडिलांच्या रक्तातून येतं. तुम्हीही तपासून घ्या.”

त्याला हलकं काम द्या म्हणून मी कंपनीत गेले. साहेब म्हणाले, “पैलवानासारखा दिसतो की!” “डोकं तुमचंही बाहेरून भरलेलंच दिसतं,” मी म्हटलं. त्याला गेटवर बसवलं. “ताईच्या तोंडामुळे ही खुर्ची मिळाली,” तो सगळ्यांना सांगायचा. वर्षातून एकदा आम्ही बसने पुण्याला जायचो. डॉक्टर भिंत मोजायचे, गोळ्या वाढवायचे. भिंत पातळ करणारं औषध मात्र त्यांच्याकडे नव्हतं. मी कुणाशी भांडणार? सगळं कळत असूनही, एका रविवारी तो चहाचा कप हातात घेऊन गेला. ना दोर, ना जिना.

दर खेपेला परतताना तो विचारायचा, “ताई, तू कधी?” मी म्हणायचे, “मला काय धाड भरलीय?” आता पिंपळे सौदागरला आमच्या सोसायटीखालीच ते मशीन आहे, अप्पा. जाऊन येते म्हणून मी उतरते आणि भाजी घेऊन वर येते.