छत्तीस आट्यांची कडी आणि माझा लेथ

मी, केवळराम चिंधू खोब्रागडे, वय एकाहत्तर, धंदा लेथकाम, राहणार तुमसर, जिल्हा भंडारा, माझ्यामागे कोणी कोणाचे तोंड बघत बसू नये म्हणून हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. डाव्या डोळ्याने कमी दिसते, पण परवा उजव्याने जे पाहिले त्यामुळेच हा कागद पुन्हा लिहावा लागत आहे. दबाव कोणाचाही नाही. पत्नी ललिताबाई शेजारी बसून "घराचं आधी लिहा" म्हणते, तो दबाव धरू नये.

१. घर व बँकेतील शिल्लक ललिताबाईची. पुढे काय करायचे ते तिने ठरवावे. तसेही आजवर तिनेच ठरवले आहे.

२. एकोडीची धानाची बांधी मुलगी हर्षा हिला. लग्न झालेल्या मुलीला शेत कशाला, असे भाऊबंद विचारतील. तिने तिथे चिखलात उभे राहून रोवणा केला आहे, त्यांनी बांधावर बसून चहा घेतला आहे. एवढे उत्तर पुरे.

३. आटे मोजायची फणीही हर्षाला. पोलादी पात्यांना दात असतात. पाते स्क्रूवर ठेवून उजेडाकडे धरायचे. फटीतून उजेड दिसला नाही, तर इंचात किती आटे ते पात्यावर वाचायचे. हर्षा बुटीबोरीच्या कारखान्यात संगणकावर चालणाऱ्या मशीनवर आहे. लेथही तिलाच द्यायचे मी पहिल्या कागदात लिहिले होते. ती फोनवर म्हणाली, "मले ठेवाले जागा नाही बाबा. फणी तेवढी द्या." पोरगी हुशार आहे, लहान वस्तू मागितली.

४. आता लेथ. चिखल्याच्या खाणीतून निवृत्त झाल्यावर मी तो घेतला. त्याचा मुख्य स्क्रू इंची मापाचा आहे, म्हणून बारीक इंची आटे तो हसतखेळत पाडतो. मुलगा अंकुश याची मोटारसायकल दुरुस्तीची टपरी आहे. तिथे सगळे बोल्ट मिलिमीटरचे. त्याचे म्हणणे, "आता कोणाले लागते इंचाचे आटे? बीडाचं लोखंड आहे, वजनानं जाते. देऊन टाका भंगारात." म्हणून त्याच्या नावावर मी काहीच ठेवले नव्हते आणि त्यालाच साक्षीदार केले होते. सही करायलाही तो तयार होता.

मग सिहोऱ्याच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई, ज्योत्सना पटले, जुना सूक्ष्मदर्शक घेऊन आल्या. त्याची भिंग बसवायची पितळी कडी खराब झाली होती. त्या आधी माझा साळा सुखराम बोरकर याच्या नव्या कारखान्यात गेल्या होत्या. त्याने पॉइंट सात मिलिमीटरचे आटे पाडून कडी दिली. भिंग तीन फेरे गुमान गेले आणि अडले. सुखरामने पाना लावला. दिवसा बत्ती शोधणारा माणूस तो! बारीक आट्याला पाना लावतात का? बोटाने फिरेना म्हणजे माप चुकले, इतके साधे आहे.

मी भिंगाच्या आट्यांना फणी लावली. छत्तीसच्या पात्याखाली उजेड दिसेना. इंचात छत्तीस म्हणजे एक आटा पॉइंट सात मिलिमीटरहून किंचित मोठा; फरक केसाहूनही कमी, पण प्रत्येक आट्याला तो साचत जातो, म्हणून तीन फेरे फसवतात. दूरदेशीच्या कोणी छत्तीस का ठरवले असेल, पस्तीस का नाही, हे मला आजही कळलेले नाही. कोणाला कळले तर माझ्या फोटोपुढे येऊन सांगावे.

गिअर बदलून नवी कडी कातली. भिंग बसले. बाई म्हणाल्या, काहीतरी पाहून घ्या. मी कडी कापताना उरलेला आट्यांचा तुकडा खाली ठेवला आणि वरून मोबाईलची बत्ती धरली. आयुष्यभर माझे आटे आरशासारखे आहेत असे सांगत आलो. खाली दिसली नांगरलेली बांधी, ढेकळांसकट. मला वाईट वाटायला हवे होते. मला मजाच वाटली.

अंकुश जेवायला बोलवायला आला होता. त्यानेही डोळा लावला आणि उठेचना. डोळा न काढताच म्हणाला, "बाबा, एक बाजू साफ आहे अन दुसरी फाटली. टूल एकाच अंगानं घासून राहिला का?"

खरे होते. मला हे कोणी विचारले नव्हते, मीही स्वतःला विचारले नव्हते.

"आणखी एक काढून पाहू," तो म्हणाला. कातायच्या टूलला त्याने स्वतः धार लावली. जेवण थंड झाले, त्याबद्दल ललिताबाईची नाराजी इथे नोंदवतो.

सबब लेथ, गिअर आणि टूल अंकुशला. विकू नये अशी अट घालत नाही. फक्त एक सांगणे: बारीक आटे जोडताना आधी उलटे फिरवायचे, टक् झाले की मग सुलटे. तू आधी उलटाच फिरलास, म्हणून मला काळजी नाही.

५. सुखरामची बिघडलेली कडी त्याला परत. तीन फेऱ्यांपुरते त्याचे बरोबर होते, हेही मान्य.

ठिकाण: तुमसर. दिनांक: १४ डिसेंबर २०२५.

सही: केवळराम चिंधू खोब्रागडे

साक्षीदार:
१. ज्योत्सना पटले, सिहोरा (सही)
२. ~~अंकुश केवळराम खोब्रागडे~~ (नाव खोडले. ज्याला मिळते त्याने साक्षीला राहू नये, असे अर्जनवीस म्हणाले. खोडताना मला फार बरे वाटले.)
त्याऐवजी: सुखराम बोरकर, तुमसर (सही. कागद पूर्ण वाचून, रागावून, तरीही केली. कडी मुळात त्याचीच, म्हणून त्याला काही मिळाले असे धरू नये.)