इबिदुनच्या बारशाचा रस्सा

अबेओकुटा,
मंगळवार, २४ नोव्हेंबर १९८७

प्रिय अबेके,

तुला माझे आशीर्वाद. तू धडधाकट असशील, मशीन चालू असेल आणि गिऱ्हाइकं वेळेवर येत असतील असं धरून चालते. तुझा पत्ता कापडवाल्या सिकीराकडून काढला. ती म्हणाली, "इलोरिनमध्ये तुमच्या बहिणीच्या हातचा ब्लाउज घातल्याशिवाय लग्नं होत नाहीत." मी म्हटलं, "कशी होतील? लहानपणी माझ्याच कपड्यांवर शिवणाचा हात बसवलाय तिने."

इथे सगळं ठीक आहे. ऑगस्टमध्ये मला ताप आला होता, तो गेला. गुडघे कुरकुरतात, पण तुझेही कुरकुरत असतील. मागच्या अंगणातला आंबा यंदा तोडला, मुळं भिंतीत शिरत होती. लेकेला शाळेत बढती मिळाली. आणि मुख्य बातमी म्हणजे तुझ्या या भाच्याला मुलगी झाली. रविवारी बारसं झालं. बाळंतपण गोड झालं म्हणून नाव ठेवलं इबिदुन. नाक आपल्या आईचं आहे. आमच्या सुनेच्या, रोलाकेच्या, माहेरचे म्हणतात त्यांच्या आजीचं आहे. म्हणू देत.

अकरा वर्षांनी पत्र लिहिते आहे, तर तू म्हणशील आज काय झालं. बारशाची हकिकत कळवायची होती, एवढंच. आईच्या मयताच्या जेवणाबद्दल मी या पत्रात काहीही लिहिणार नाही, म्हणजे तू निश्चिंत मनाने वाच.

झालं असं, की शुक्रवारी रोलाकेची आई लागोसहून आली. गाडीतून काय काय उतरलं ते विचारू नकोस! दोन गॅसच्या शेगड्या, हंडे, आणि पांढरी टोपी घातलेले दोन आचारी. मी दारात उभी. मी विचारलं, "विहीणबाई, हे कोणाच्या लग्नाला निघालेत?"

त्या हसून म्हणाल्या, "तुम्हाला त्रास नको म्हणून आणले हो. आता तुम्ही फक्त खुर्चीवर बसायचं."

लेके माझ्या नजरेला नजर देईना. मी त्याला आत बोलावलं.

"हे तुला माहीत होतं?"

"आई, तू आता आराम कर ना. आजी म्हणून मिरव."

"मिरवायला मी काय तोरण आहे?"

"आई, सप्टेंबरमध्ये पातेलं करपलं. ऑक्टोबरमध्ये चर्चच्या जेवणात रस्सा इतका खारट झाला की लोकांनी भात धुऊन खाल्ला. लोक बोलतात. वय झालं की होतं असं."

वय म्हणे! मी बासष्टची आहे, अबेके. आपली आई एकोणऐंशीव्या वर्षी उखळात सुरण कांडत होती. ते पातेलं करपलं तेव्हा मी कुंपणापाशी शेजारणीशी बोलत होते, लक्ष नव्हतं. आणि चर्चमध्ये कोणीतरी माझ्या आधी मीठ घालून ठेवलं असणार. असं मी लेकेला सांगितलं. तुलाही आधी तेवढंच लिहिणार होते.

शनिवारी मी कोणाला न विचारता बाजारात गेले. टोमॅटो एकेक दाबून घेतले. जाड लाल मिरच्या, कांदे, आणि त्या बुटक्या गोल मिरच्या, ज्यांच्या नुसत्या वासाने तू लहानपणी शिंकायचीस. सगळं गिरणीतून वाटून आणलं. बोकडाचं मटण घेतलं, हाडासकट. खाटीक म्हणाला, "लेकेची आई, घरी तर लागोसचे आचारी आलेत म्हणे?" गावाला आधी कळलं होतं, मला मागून. मी म्हटलं, "त्यांनाही जेवायला लागेलच की."

रविवारी पहाटे मागच्या अंगणात तीन दगड मांडून लाकडं पेटवली. गॅसवाले अजून घोरत होते. कांदा आणि मसाला लावून मटण शिजवलं, त्याचं पाणी बाजूला काढलं, तुकडे तळले. मग वाटण मोठ्या पातेल्यात आटवायला ठेवलं. तेवढ्यात रोलाके आली. आठ दिवसांची बाळंतीण, पोर आत झोपवून, खांद्यावर शाल घेऊन स्टुलावर बसली.

"आत जा, वारा लागेल," मी म्हटलं.

"आई, चव मी बघू का?"

"नको."

"मग मीठ कसं कळणार?"

मी पळी हलवत राहिले. वाटण फदफदत होतं. ती हळूच म्हणाली, "मला माहीत आहे, आई. त्या दिवशी तुम्ही आंबलेली चवळी वाटीभर खाल्लीत. मला दाराशीच वास आला होता. तुम्ही म्हणालात, छान झालीये."

मला आठवलं. तिने माझ्या हातातली वाटी काढून घेतली होती आणि 'दुसरं गरम वाढते' एवढंच बोलली होती. मला वाटलं होतं, सुनेचं कौतुक चाललंय.

"लेकेला सांगितलंस?"

"तुमची गोष्ट आहे. मी कशाला सांगू?"

तर अबेके, आता लिहितेच. ऑगस्टचा ताप गेला तो माझी चव घेऊन गेला. वासही गेला. डॉक्टर म्हणतो, येईल किंवा येणार नाही. पातेलं करपलं तेव्हा मी कुंपणापाशी नव्हते. मी पातेल्याशेजारी बसले होते, हातात पळी घेऊन, आणि शेजारीण भिंतीपलीकडून ओरडली, "काय जळतंय?" मला धुराचासुद्धा वास आला नाही. चर्चमध्ये मीठ मीच घातलं, दोनदा. पहिल्यांदा घातल्याचं जिभेला कळलंच नाही, म्हणून पुन्हा.

तीन महिने मी हे डॉक्टरशिवाय कोणालाही सांगितलं नाही. ज्या बाईला अर्धं गाव रश्शासाठी ओळखतं, तिने काय सांगायचं? की आता माझ्या तोंडात मटण आणि दोरखंड सारखेच लागतात?

पण हेही ऐक. रस्सा कानाने करता येतो. वाटणात पाणी असतं तोवर फदफदतं, पाणी आटलं की आवाज खाली बसतो. मग शेंगदाण्याचं तेल घातलं की तडतड उठते, आणि कच्चेपणा जाईल तशी ती बारीक होत जाते, शेवटी नुसती कुजबुज उरते. पळी जड होते. कडेने लाल तेल सुटतं. हे सगळं मला डोळे मिटून कळतं. आणि तिखट! तिखट मला लागतं, अबेके. चव मेली पण आग मेली नाही. डॉक्टरला सांगितलं तर तो म्हणाला, बरोबर आहे, त्याची वाट वेगळी असते. कुठली का वाट असेना, मला ती सापडली आहे. राहता राहिलं मीठ. ते मी आईच्या मापाने घातलं, मुठीने. रोलाकेला चाखू दिलं नाही. तरी ती उठून गेली नाही.

नऊ वाजता बारसं सुरू झालं. सोबांदेबाबांनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, बाळाच्या ओठाला मध लावला आणि वाटी सगळ्यांत फिरवली. "गोड आहे?" सगळे म्हणाले, "गोड!" मीही म्हणाले, सगळ्यांत मोठ्याने. माझ्या जिभेवर नुसतं चिकट काहीतरी होतं. मग मीठ फिरलं. मला वाळू चावल्यासारखी वाटली. "रुचकर आहे?" "रुचकर!" पुन्हा मीच मोठ्याने. त्या पोरीचा लोकांमधला पहिला दिवस, आणि तिची आजी तिच्या तोंडावर दोनदा खोटं बोलली. मग तिखट दाणे आले. मी एक चावला आणि डोळ्यांतून पाणी आलं. लोकांना वाटलं, आजी गहिवरली.

जेवणाच्या वेळी टेबलावर दोन पातेली होती, आचाऱ्यांचं चकचकीत आणि माझं काळं पडलेलं. विहीणबाईंच्या कपाळाला आठी. "अगंबाई, तुम्ही पुन्हा कशाला...?" लेके माझ्याकडे यायला निघाला, मी त्याला हाताने थांबवलं आणि पळी पातेल्यावर आपटली. 

मी म्हणाले, "सगळ्यांनी ऐका. ऑगस्टपासून माझ्या जिभेला चव नाही. नाकाला वास नाही. पातेलं मीच करपवलं, चर्चचा रस्सा मीच खारट केला. लेके, वय झालं म्हणून नाही, आजारपणामुळे. आणि तरीही हा रस्सा मी केलाय, कोणालाही चाखायला न देता. ज्याला भीती वाटते त्याने लागोसचा खावा, तोही चांगलाच असेल. पण माझी चूल कोणी माझ्याऐवजी विझवायची नाही."

कोणी हललं नाही. विहीणबाई पुटपुटल्या, "मग खायचा तरी कोणी?" लेकेचा चेहरा मला पाहवेना. तो लहानपणी पडला की व्हायचा तसा झाला होता.

सोबांदेबाबा उठले. त्र्याऐंशीचे आहेत, दात तीन. काठी टेकत आले आणि ताट पुढे केलं. मी भातावर रस्सा घातला, मऊ तुकडा बघून दिला. ते उभ्यानेच खायला लागले. सगळे त्यांच्या जबड्याकडे बघत होते. बराच वेळ चावून झाल्यावर ते म्हणाले, "तिखट झकास आहे. मीठ कमी आहे, लेकेची आई."

अंगणात म्हाताऱ्या बायका होत्या. त्यांनी खाली बघितलं. माझ्या पातेल्याबद्दल हे वाक्य याआधी एकाच माणसाने बोललेलं त्यांना आठवत होतं, आणि त्या माणसाचं पुढे काय झालं तेही.

मी मिठाचा डबा आणला. "किती घालू?"

"अगं, तुला कळतंच की."

"नाही कळत, बाबा. आत्ताच सांगितलं ना? तुम्ही सांगा."

मी चिमटीने घालत गेले, ते चाखत गेले. "अजून. अजून थोडं. बस!" मग लेके आला ताट घेऊन. त्याच्यामागे खाटीक, मग चर्चच्या बायका, एक एक करत रांग लागली. शेवटी विहीणबाईंचे ते दोन आचारीही टोप्या काढून आले. खोटं सांगणार नाही, त्यांचंही पातेलं संपलं. माझ्यात तळाशी थोडं उरलं, ते विहीणबाईंनी डब्यात भरून नेलं. जाताना म्हणाल्या, "प्रवासात लागेल." लागोस काही परदेशात नाही.

आता, लिहिणार नाही म्हटलं होतं ते.

आईच्या मयताच्या दिवशी तू माझ्या पातेल्यातून पळीभर चाखलंस आणि म्हणालीस, "ताई, मीठ कमी वाटतंय." एवढंच म्हणालीस. मी तुझ्या हातातली पळी ओढून घेतली आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "नवऱ्याने परत पाठवलेल्या बाईची जीभ काय कमी-जास्त सांगणार?" तू हात धुतलेस, आईच्या खोलीतून तुझी पिशवी घेतलीस आणि इलोरिनची गाडी पकडलीस. तू जेवलीही नव्हतीस.

मीठ कमी होतं, अबेके. तू गेल्यावर मी चाखलं. तेव्हा माझी जीभ शाबूत होती. मी गुपचूप मूठभर घातलं, सगळ्यांना वाढलं, लोकांनी बोटं चाटली, आणि मी ते कौतुक घेतलं. अकरा वर्षं घेत राहिले. माझ्या रश्शाला नाव मिळालं, त्यातला तो दिवस तुझा होता. आणि नवऱ्याची गोष्ट मी का काढली, तर तुला कुठे लागेल ते मला नेमकं माहीत होतं म्हणून. याला दुसरं कारण नाही.

काल मी चर्चमध्ये गेले. नाताळच्या जेवणाच्या यादीतून बायकांनी माझं नाव खोडलं होतं. प्रेमानेच खोडलं, म्हणाल्या, "आता विश्रांती घ्या." मी पेन मागून घेतलं आणि खोडलेल्या नावाच्या वर पुन्हा लिहिलं, मोठ्या अक्षरात: रस्सा, तितिलोला. चिटणीसबाई म्हणाल्या, "पण चवीचं काय?" म्हणून त्याखाली मी अजून एक ओळ लिहिली: चाखणारी. आणि पुढची जागा मोकळी सोडली.

रोलाके म्हणते, मी येते. तिची जीभ चांगली आहे, पण ती मला घाबरते. कमी असलं तरी 'ठीक आहे' म्हणेल. लेके तर आता मी नुसतं पाणी उकळलं तरी वा वा करतो. मला तोंडावर सांगणारं माणूस हवं आहे.

शंभर माणसांचं जेवण आहे. पंचवीस डिसेंबरला पहाटे पाचला मी चर्चच्या मागच्या अंगणात लाकडं पेटवणार. कोणी आलं तरी, नाही आलं तरी. त्या यादीतली ती जागा मी तोवर कोणाला भरू देणार नाही.

गाडी आदल्या दिवशी दुपारी इलोरिनहून सुटते. मी सिकीराला विचारून ठेवलंय, सहज.

तुझी चुकलेली थोरली बहीण,
तितिलोला