शेवटचं ठणठणीत कोणी पाहिलं?

वन्सं,

नमस्कार. तुमचा गुडघा अजून वाकत नाही म्हणे, तेव्हा दोघींच्या वाटणीचं मीच वाकते.

त्या रविवारी केर काढताना मी खुर्च्या ओढल्या नाहीत, उचलून ठेवल्या. भांडीसुद्धा फडक्यावर उपडी घातली, तुमच्या भावाची झोप मोडू नये म्हणून. नऊला उठवायला गेले, तर अर्धं अंग झोपेतच गेलेलं. झटका कधी आला, डॉक्टरांनी विचारलं; औषध पहिल्या काही तासांतच देता येतं म्हणे. मला काय ठाऊक? तेव्हापासून त्या दुखण्यावर मिळेल ते वाचते (त्यावर तुम्ही काय बोलता, तेही कानावर येतं).

तर परवा सकाळी मी जागी झाले, पण डावा हात हलेना. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे आरशात हसून पाहिलं. तोंड वाकडं! (कवळी पेल्यात होती, हे नंतर सुचलं.) हात वर केले, डावा लोळागोळा. आता बोलून पाहायचं, तर ऐकायला कोण? खिडकीतून खालच्या शिंपीणबाईंना हाक मारली. आमचा दोन वर्षांचा अबोला. "माझं बोलणं बोबडं येतंय का हो?" "नेहमीसारखं कडूच येतंय," म्हणाल्या, पण गळ्यात टेप तशीच ठेवून गाडी घेऊन आल्या.

इस्पितळात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शेवटच्या ठणठणीत कधी होतात? कोणी पाहिलं?" मी म्हटलं, "हे गेल्यापासून रात्री मला कोण पाहणार?" त्या म्हणाल्या, वेळ माहीत नसली तरी मेंदूचा फोटो काढून दुखणं किती ताजं ते बघता येतं, आणि काहींना तेव्हाही औषध देता येतं, म्हणून घरी वाट बघत बसायचं नाही. पुस्तकातलं पुढचं पान मीच म्हणून दाखवलं. "आजी, तपासतंय कोण?"

यंत्रात जाण्याआधी माझ्या अंबाड्यातून अकरा आकडे निघाले. फोटो निर्मळ. मग उलगडलं: उशाला आजारांचं ते जाड पुस्तक, त्यावर हात, हातावर मी. शीर दबली होती. शिंपीणबाई इतक्या हसल्या की नर्सने त्यांचंच ब्लडप्रेशर घेतलं.

निघताना मी विचारलं, त्या रविवारी खुर्च्या ओढल्या असत्या तर? डॉक्टरीणबाई माझा डावा हात चोळत राहिल्या. "नाही सांगता येत, आजी."

तुमची भावजय

ता. क. रोज सकाळी सहाला मला फोन कराल? रात्री मी करीन. तुम्हीही एकट्याच झोपता. रागावून बोललात तरी चालेल, शब्द स्पष्ट हवेत. मी उचलला नाही, तर किल्ली शिंपीणबाईंकडे आहे.

ता. क. दुसरा: पुस्तकही त्यांनाच दिलं, बेतलेल्या कापडावर ठेवायला. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या खुर्च्या ओढून केर काढला.