चार ग्रॅम ऑक्सिजन उरतो

२१ जुलै, सोम.
अकरावी विज्ञान. प्रिन्सिपल सर मागच्या बाकावर, तास बघायला. धडा: अभिक्रियेत कुठला पदार्थ आधी संपून बाकीचं अडवतो. पाव-भाजीवरून समजावलं. पाव कमी, तर पाव आधी संपणार. जे कमी, ते आधी. पोरांनी माना डोलावल्या.
सुर्ल्याच्या गौरीचा हात वर. "टीचर, पातोळयेक पान एकच, पण चून दोन मुठी लागता. मगे चून चड आसलें तरी पयलें तेंच सोंपतलें न्ही?" हळदीच्या पानातल्या पातोळीत भरायचं गूळ-खोबरं, म्हणजे चून, जास्त असलं तरी आधी तेच संपेल, असं विचारत होती.
"हा रांधपाचा तास नाही. बस."
वर्ग खो खो हसला. सरही. जाताना म्हणाले, छान रंगवलात.

२५ जुलै, शुक्र.
चाचणी. मॅग्नेशियम २४ ग्रॅम, ऑक्सिजन २०, आधी काय संपेल? तपासले तेवढ्या सगळ्यांचा ऑक्सिजन. का, तर २० कमी! अरे, २४ ग्रॅम मॅग्नेशियमला १६ ग्रॅम ऑक्सिजन पुरतो. चार उरतो. रागारागाने लाल फुल्या मारत सुटले.
मग गौरीचा पेपर. आधी सगळं बरोबर मांडलेलं, उत्तर मॅग्नेशियम. त्यावर आडवी रेघ. खाली: ऑक्सिजन, कारण कमी.
पुढचे पेपर तसेच पडलेत.

२७, रवि.
खरं लिहायचं तर, ती बोलली त्याच क्षणी मला कळलं होतं ती बरोबर आहे ते. पण सर बसलेले. यंदा नोकरी कायम व्हायची आहे. म्हणून वर्गाला त्या पोरीवर हसू दिलं. लाज वाटते.

२९, मंगळ. नागपंचमी.
सासूबाईंनी हळदीची पानं पुढे सरकवली. "चून लाय गो." शेवटी चून संपलं, पानं उरली. त्या म्हणाल्या, दरवर्षीचंच. मला एकही पातोळी गोड लागली नाही.

३०, बुध.
वर्गात सांगितलं, शिकवण्यात चूक माझी. सगळ्यांचे पेपर परत तपासणार. तेव्हाच कळलं होतं, हे मात्र... नाही सांगितलं.
गौरीला बाहेर घेतलं. "बरोबर होतं, मग खोडलंस का?"
"टीचर, तुमी सांगलें तें चुकीचें कशें आसतलें?"
मी तिला परत आत पाठवलं.
तासाच्या शेवटी विचारलं, कोणाला शंका? तिच्याकडेच बघत होते. तिचा हात वर गेला. केसांची क्लिप नीट केली आणि खाली आला.