बाजारच्या दिवशीची घार

अर्धापूर,
९ फेब्रुवारी

चि. सौ. शिवांगीस आईचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझी खुशाली विचारायची या घरात सोय नाही. फोन तुझ्या बाबांच्या खिशात असतो, म्हणून पत्र.

लिहायचं कारण कोंबड्या. यंदा घारीने फार छळलं. पिल्लांना गुलाबी रंग लावला, अंगणावर जुनी लुगडी ताणली, तेव्हा कुठे पिल्लं वाचली. मग अंड्यावर आलेल्या तलंगाच जायला लागल्या. तुझे बाबा म्हणाले, "घारच हाय. दुसरं कोण नेतंय?"

मला पटेना. घार पिल्लू उचलते, भरलेली तलंग नाही. एक पीससुद्धा पडलेलं नव्हतं. आणि तलंग होती डालग्याखाली, वर दगड. घारीने दगड काढला, डालगं उचललं, तलंग नेली आणि दगड परत जागेवर ठेवला? एवढी शिस्तीची घार मी तरी पाहिली नाही.

पहिला संशय शेजारच्या शांतम्मावर. तिच्याकडे रस्सा शिजला की मी भिंतीवरून वास घ्यायची. एकदा तोंडावर बोलले. ती रडायलाच लागली. "पोराची आण घेते विठाबाई, तुज्या कोंबडीला हात न्हाई लावला." तुझे बाबा ओट्यावर बसून ऐकत होते, पण तेव्हा मात्र 'घारच हाय' म्हणाले नाहीत. तिथे माझा संशय फिरला.

मग ध्यानात आलं, तलंग जाते ती भोकरच्या बाजारच्या दिवशीच. त्या दिवशी हे दाढी करतात, इस्त्रीचा सदरा घालतात. खोटं कशाला सांगू, मनात नाही नाही ते आलं. या वयात बाई ठेवली की काय, म्हणून जेवण जाईना. परवा सदरा धुवायला घेतला तर खांद्यावर काजळ. डोकंच फिरलं. जाब विचारायला उठले आणि सदऱ्याला वास आला वेखंडाचा.

वेखंड कुठली बाई अंगाला लावत नाही. तान्ह्या बाळाला लावतात.

सदरा तसाच मांडीवर घेऊन बसले. तुला दिवस गेल्याचं उडत उडत कानावर आलं होतं, पुढचं कुणी सांगितलं नाही. सुगतरावांशी लग्न केलंस म्हणून या माणसाने घरात तुझं नाव काढू दिलं नाही. आणि स्वतः बाजाराच्या नावाखाली बाळंतिणीला कोंबड्या पोचवतो. बाळ यांच्या खांद्यावर झोपतं आणि मी इथे आभाळाकडे बघून दगड मारते. राग येतो ग. तुझा नाही.

शांतम्माची माफी मागून आले, कारण सांगितलं नाही. उद्या बाजार. सगळ्यात भरलेली तलंग मी मुद्दाम डालग्याखाली ठेवली आहे. हे पत्र प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्यांच्या पिशवीच्या तळाशी घालते, वरून कोंबडी ते घालतीलच. त्यांना सापडलं तर सापडू दे. रश्श्यात तिखट कमी घाल, मिरी चालेल. सुगतरावांना नमस्कार.

मुलगा की मुलगी, एवढंही न कळलेली
आजी,
विठाबाई