एक्कावन्न किलो

१७ फेब्रु. १९७४, रविवार
सकाळी सातवीचे पेपर तपासले. अपूर्णांकात सगळे अजून चाचपडतात. संध्याकाळी सहकुटुंब नाशिकरोड स्टेशन, विजूला गाड्या बघायच्या होत्या. पॅसेंजर पाऊण तास लेट. मग काय, वजनाच्या यंत्रासमोर मुक्काम. लाल दिवे फिरले, खडखड झाली, तिकीट पडलं. मी ५८. मागं छापलेलं, 'प्रवासातून लाभ'. प्लॅटफॉर्मवर उभं राहून कसला लाभ! छबी कडेवर झोपलेली, खाली ठेवलं की भोकाड. शांता तशीच चढली. ५१! निफाडच्या मळ्यातली हाडं. आईला पत्रात कळवायचं, सून अंगानं भरली. तिकीट चष्म्याच्या जुन्या घरात ठेवलंय. येताना पेरू. फार छान रविवार गेला.

८ सप्टें. १९८५, रविवार
शांता हौदापाशी भोवळ येऊन पडली. कोपर खरचटलं. म्हणते, "काय नाय, ऊन लागलं." सकाळपासून आभाळ भरलेलं.

१० सप्टें.
देवळाली कॅम्पात डॉक्टरीणबाईंकडे. काट्यावर शांता ३९. माझंही केलं, ७४. बाई म्हणाल्या, "मास्तर, नुसत्या वजनावरून काय कळणार? उंची किती यांची?" मला ठाऊक नाही. शांतालाही नाही. आजवर कुणी मोजलीच नव्हती. दवाखान्याला नवा रंग दिला त्यात भिंतीवरची पट्टी गेलेली, म्हणून घरी मोजून आणायची. किलोला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागायचं. वीस ते पंचवीस आलं तर ठीक.

११ सप्टें.
दाराच्या चौकटीवर विजू-छबीच्या खुणा आहेत, दर वाढदिवसाची एक. आज त्यात शांताची. छबीनं तिच्या डोक्यावर पुस्तक धरलं. "आई, टाचा टेकव ना!" १५२ सेंमी. भागाकार केला, १६.९. पुन्हा केला. तेवढेच.
मग माझा. जवळजवळ अठ्ठावीस! शाळेत सगळे म्हणतात, मास्तर, तब्येत छान कमावलीत.

१२ सप्टें.
ते ५१ चं तिकीट शोधून बाईंना नेऊन दाखवलं. ही पूर्वी चांगली धडधाकट होती, पुरावाच आहे म्हटलं. बाईंचा चेहरा बदलला. "बारा किलो गेले कुठं?" उद्या छातीचा फोटो, रक्त. गरज पडली तर मुंबई. शांता बाहेर बाकावर बसलेली, तिला काही बोललो नाही. बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. भीती वाटते. फार भीती वाटते. छबी अजून तेराची आहे.

१५ सप्टें., रविवार
दुपारी माळ्यावरून जुन्या रोजनिश्या काढल्या. हिचं वजन कधीपासून उतरलं, कुठं तरी लिहिलं असेल म्हणून. अकरा वर्षांत पेरू, गाड्या, परीक्षा, माझं पित्त. हिच्या तब्येतीवर ओळ नाही. मग १७ फेब्रु. ७४ चं पान.
'शांता तशीच चढली.'
कडेवर छबी होती. दोन वर्षांची, अकराएक किलोची.
वही घेऊन स्वयंपाकघरात गेलो. शांता भांडी विसळता विसळता हसली. "मग? ती खाली उतरत होती का? मला वाटलं तुम्हाला कळलं आसंल. पुन्हा तुम्ही आईंना पत्र लिहाया बसला. लय खूश होता. म्हटलं, राहू द्या."
आधी पोट धरून हसलो. मोठा आजार नाही, काही झिजत नाही! मग हसू येईना. ते बारा किलो कधी नव्हतेच. तेव्हाही ती चाळीसएक किलोचीच होती आणि मी अकरा वर्षं सगळ्यांना सांगत... गणित शिकवतो मी!

२० सप्टें.
फोटो स्वच्छ. रक्त कमी. गोळ्या दिल्या. तिकिटाची हकीकत बाईंना सांगितली. हसल्या नाहीत. "या जेवतात केव्हा? आणि किती?" मला विचारलं होतं, मी शांताकडे बघत बसलो. ती म्हणाली, "सगळ्यांचं झालं की." किती, ते बोलली नाही. तिला शेहेचाळीसपर्यंत न्यायचंय. माझे आठ उतरवायचे.

२९ सप्टें., रविवार
आठवडाभर चारी ताटं एकदम मांडतो. अवघड प्रकरण. दोन घास खाल्ले की ही उठते, विजूला भाकरी गरम हवी म्हणून. "तुम्ही असं बघत बसलं की घास उतरत नाय." आज भाकऱ्या मी थापल्या. छबी म्हणाली, "बाबा, ही श्रीलंका झाली." शांता इतकी हसली की हसता हसता दीड भाकरी खाल्ली. लंकेसकट.

२२ डिसें. १९८५, रविवार
संध्याकाळी नाशिकरोड स्टेशन. किती वर्षांनी! विजू मित्रांकडे, त्याला आता गाड्यांचं काय. पेरूवाला दिसला नाही. यंत्र तेच, दोन दिवे गेलेले. छबी आता आईच्या वर दोन बोटं. त्या वेळचा रविवार सारखा आठवत होता, तिचं झोपलेलं डोकं, शांताची हिरवी साडी. तेव्हा नीट बघितलं असतं तर.
शांता चढली. डावा हात कमरेपाशी तसाच, लेकरू धरल्यासारखा. छबीनं हळूच तो सरळ केला. खडखड झाली. तिकीट मी घेणार तेवढ्यात तिनं उचललं, स्वतः वाचलं आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवलं.
"किती?"
"एकटीचं हाय."
घरी येईपर्यंत तीनदा विचारलं. आकडा अजून सांगितलेला नाही.