दोन्ही सारखेच वाजतात

अहो,

गाडी मी नेली आहे. भात कुकरमध्ये आहे, मिसो सूप तेवढं गरम करून घ्या.

तीन रविवार मला गाडीत शेजारी बसवून तुम्ही ते दोन कार स्टिरिओ आलटून पालटून वाजवलेत. कुठल्याचा बास दमदार, कुठल्याचा आवाज मोकळा! मी "दोन्ही सारखेच" म्हटलं, तर काल शेजारच्या इशिगुरोंसमोर हसलात, "हिला काय कळतंय त्यातलं!"

चार महिने झाले, माझा उजवा कान बंद आहे. गाडीत तुम्ही त्याच बाजूला असता. मी उत्तर देत नव्हते, तो तुम्हाला रुसवा वाटला. स्पीकरची बारीक खरखर मात्र तुम्हाला लगेच ऐकू आली!

कानाच्या डॉक्टरांकडे चालले आहे. यापुढे गाडी मी चालवणार. तुम्ही माझ्या डावीकडे बसायचं. तुमचं ऐकायला तेवढाच कान उरलाय.

हिसाए